पाण्याचं माप

मनी १४ वर्षांची, ४ किलोची. मांजरांचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे ती पाणी बेतानंच पितात. मनी मात्र वाटीपाशीच बसून असायची, वर उलट्या. आई म्हणाली, "वाटी उचलून ठेव."

डॉक्टर म्हणाले, "उचलू नका, मोजा." सकाळी मापून ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. वजनाच्या मानानं फार जास्त पिणं म्हणजे धोक्याची खूण. मनी ४३० पीत होती.

रक्तातली साखर ठीक, थायरॉइड ठीक. क्रिएटिनिन वाढलेलं, लघवी पाण्यासारखी. मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नव्हतं. पिऊन पिऊन ती तेच भरून काढत होती. तहान हा आजार नव्हताच, ती तिची तगण्याची धडपड होती.

हे दुखणं बरं होत नाही. आहार-औषधांनी वेळ मिळतो. तो मोजायला माप नाही. आता आईच दुसरी वाटी भरते.