फुलावर रुमाल टाका!

पॅन्ट्रीत स्ट्रॉबेरीचे बॉक्स दिसू लागले, की समजायचं सीझन सुरू! महाबळेश्वरचा वीकएण्ड करून आलेलं कुणीतरी सोमवारी बॉक्स आणतं आणि बुधवारपर्यंत त्यातल्या एखादीच्या अंगावर करडा स्वेटर चढलेला असतो. मग ‘फ्रिजमध्ये का नाही ठेवली?’ वगैरे चर्चा.

या विषयात माझा वशिला आहे. माझ्या मामाची भिलारला वीस गुंठे स्ट्रॉबेरी आहे. मामाच्या मते बुधवारी दिसलेली बुरशी बुधवारची नसतेच. बोट्रायटिस नावाची ही करडी बुरशी बहुतेकदा फुलातूनच आत शिरते. हिरव्या फळात गुपचूप बसून राहते आणि फळ पिकलं की बाहेर येते. फ्रिजमध्ये तिचा वेग मंदावतो, पण थांबत नाही.

मग औषध मारायचं? गोची अशी, की एकाच रोपावर फूलही असतं आणि पिकलेलं फळही. तोडणी एक-दोन दिवसाआड. सोलून टाकायला साल नाही. शिवाय ही बुरशी औषधांनाही लवकर सरावते. जानेवारीत दोन दिवस आभाळ आलं, की मामाचं बीपी वाढतं. डोक्यावर सोसायटीचं कर्ज आणि चार फळं कुजकी निघाली की व्यापारी अख्खी खेप पाडून मागतो.

यावर मामाने धरलेला फंडा एकदम आपल्यातला आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तस्सं! बोट्रायटिस यायच्या आत फुलावर ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी संध्याकाळी फवारायची. जागा आणि खाणं तिनेच अडवलं, की दुसरीला शिरकाव अवघड.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तर हा रुमाल टाकायला चक्क मधमाश्या लावल्या! पोळ्याच्या पेटीच्या दारात दुसऱ्या एका मित्रबुरशीची पूड ठेवायची; माशी पाय माखून निघते आणि फुलाफुलावर पोचवते. हा प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच जातीच्या बुरशीला अमेरिकेने २०१९ मध्ये मधमाश्यांमार्फत वापरायची परवानगी दिली. मामाला सांगितलं तर म्हणाला, “आरं, माश्या काय आपल्याकडं कमी हायेत?” खरंय. मांघर हे ‘मधाचं गाव’ आमच्याच तालुक्यातलं, २०२२ मध्ये जाहीर झालेलं.

अर्थात, ही जादू नव्हे. सलग पाऊस लागला तर रुमालही वाहून जातो. म्हणून फळ मातीला टेकू नये यासाठी मल्चिंग पेपर, पानं भिजू नयेत म्हणून ठिबक, वारं खेळावं म्हणून रोपांत अंतर आणि कुजक्या फळांची बादली वेगळी. तुमच्या-माझ्यासाठी नियम एकच : आणल्या आणल्या धुऊ नका, खाताना धुवा. आणि स्वेटरवाली दिसली की तिला आधी बाहेर काढा!

गेल्या हिवाळ्यात मामाने फुलं आल्यापासून रासायनिक औषध मारलंच नाही. फार पैसे वाचले असं नाही. काही फळं गेलीही. पण त्याची चार वर्षांची नात सरीतून चालता चालता फळ तोडून थेट तोंडात टाकत होती आणि मामी पहिल्यांदाच तिच्यावर ओरडत नव्हती.