आधी चाल बघावी

घोडा घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग कान, मग उंची. शेवटी विचारतो, "पळतो कसा?" मी म्हणतो, लगाम ढिला सोडून त्याला सपाट मातीतून नुसता चालवून आणा आणि मागे उमटलेले खुरांचे ठसे बघा. पुढच्या पायाचा ठसा मागच्या पायाने ओलांडला असेल, तर पाठ मोकळी आहे. ठसे वाकडेतिकडे, तोकडे असतील, तर तो घोडा कितीही देखणा असो, आत कुठेतरी आखडलेला आहे. दुडकी शिकवून सुधारता येते, कँटर म्हणजे मंद दौडही बरीच सुधारता येते. बिघडलेली साधी चाल मात्र पुन्हा बसवणं फार अवघड. पंचेचाळीस वर्षांत घोडे घडवले, पैदा केले, त्यांना गुण दिले, आणि माझं सगळं शिक्षण या चालीपाशी येऊन थांबतं.

मी सातारा जिल्ह्यातला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ६१ कॅव्हलरीत सवार म्हणून भरती झालो. संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ साली ही रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून राजपूत, कायमखानी आणि मराठे असे तिचे तीन भाग. त्यामुळे जयपूरच्या पागेतही मराठी कानावर पडायची. लष्कराच्या पैदास केंद्रातून नवा घोडा आला की आमचे उस्ताद कित्येक आठवडे त्याच्यावर कुणाला बसू देत नसत. लांब दोरावर कावा द्यायचा, हातात धरून फिरवायचं, खरारा करायचा, पाय उचलून खूर साफ करायचे. आम्हा पोरांना उड्या मारायची घाई. उस्ताद म्हणत, "याला आधी आपल्या पायांवर भरवसा येऊ दे, मग तू बस."

या सबुरीचं फळ काय असतं, ते १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. आमच्याच रेजिमेंटचे रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, संघालाही सुवर्ण मिळालं. इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याला आधी ड्रेसाजमध्ये शांत, नेमकं चालावं लागतं, मग रानातले अडथळे पार करत क्रॉस-कंट्री धावावं लागतं आणि शेवटी, थकलेल्या अंगाने, मैदानातल्या दांड्या न पाडता उड्या माराव्या लागतात. घाईने तयार केलेला घोडा तिथे टिकत नाही.

निवृत्तीनंतर पुण्याजवळ काम सुरू केलं. आपल्याकडच्या रायडिंग क्लबांत बरेचसे घोडे शर्यतीतून उतरलेले थरोब्रेड असतात. दोन वर्षांचा असताना शर्यतीला लागलेला आणि चार-पाचव्या वर्षी महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरून बाहेर पडलेला. त्याला एकच गोष्ट ठाऊक असते : तोंडात लगाम ताणला की त्यावर भार टाकून पुढे पळायचं. असा घोडा आला की मी त्याला आधी गवतावर मोकळा सोडतो, नाल काढून ठेवतो. मग महिनोन्‌महिने चालणं. चढावर, उतारावर, नांगरटीच्या कडेने. मालकाला वाटतं, मी पैसे घेऊन घोडा नुसता फिरवतो आहे. एके दिवशी घोडा मान खाली सोडून फुरफुरतो, पाठ वर येते, शेपूट झुलायला लागतं. तिथून पुढचं शिक्षण भराभर होतं.

पैदाशीचा नाद मला यातूनच लागला. घोडी अकरा महिने गाभण राहते. बहुधा रात्रीच विते, माणसाची चाहूल लागली तर कळा रोखूनही धरते. शिंगरू साधारण तासाभरात उभं राहावं आणि पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जावा, एवढंच मी बघतो. बाकी ढवळाढवळ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते आईमागून मोकळं चालताना त्याची चाल दिसते, आणि तेव्हा दिसलेली चालीची जात पुढे फारशी बदलत नाही.

परीक्षक म्हणून मला दोन वेगळ्या जगांत बसावं लागलं. ड्रेसाजचं मैदान वीस बाय साठ मीटरचं, कडेने अक्षरं लावलेली. परीक्षक 'सी'पाशी बसतो, प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतो, शेजारचा लेखनिक ते लिहून घेतो. इथे चाल म्हणजे चार स्पष्ट ठोके : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडायला लागले की मोठा दोष.

दुसरं जग तापीकाठच्या सारंगखेड्याचं. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, देशभरातून घोडे येतात. मारवाडी घोड्याचे आत वळलेले, टोकाला टोक भिडवणारे कान, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा, चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेली पंचकल्याणी ठेवण, हे सगळं बघतात, आणि सगळ्यात जास्त मान रेवाल चालीला. रेवाल म्हणजे एका बाजूचे पाय जवळजवळ जोडीने टाकत वेगाने जाणं. स्वार खोगिरावर हलत नाही. ड्रेसाजमध्ये गुण घालवणारी गोष्ट इथे घोड्याची किंमत वाढवते.

मला यात विसंगती वाटत नाही. रेवाल रक्तातून आलेली असेल, तर घोड्याची पाठ सैल असते, डोळा शांत असतो आणि लगाम सोडला तरी चाल टिकते. वाळवंटात लांबचे पल्ले याच चालीने कापले गेले. पण मान वर बांधून, तोंडात धारदार कडी घालून आणलेली रेवाल मला लांबून ओळखू येते. तिला मी गुण देत नाही, मग मालक कुणीही असो. ड्रेसाजमध्येही ताठरलेल्या घोड्याचे पाय असेच जोडीने पडू लागतात. मी दोन्हीकडे एकच गोष्ट शोधतो : हा आपणहून चालतो आहे की दुखण्यातून सुटायला?

सगळ्यात जास्त राग येतो तो कोवळ्या घोड्यांना नाचवलेलं बघून. दीड-दोन वर्षांचं शिंगरू हलगीच्या तालावर मागच्या पायांवर उभं करतात. घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात. गुडघ्याजवळची वाढ अडीचेक वर्षांपर्यंत चालते, पाठीचे मणके तर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पक्के होत नाहीत. म्हणून मी चार वर्षांखालच्या घोड्यावर स्वार बसवत नाही. मणके तेव्हाही पुरते पक्के नसतात, म्हणून सुरुवातीला स्वार हलका आणि काम थोडं.

पण पैदास करणाऱ्याने तरी काय करावं? चारा, हरभरा, नालबंद, डॉक्टर, सगळा खर्च अंगावर. खेळासाठी घोडा तयार व्हायला आठ-नऊ वर्षं जातात आणि गिऱ्हाईक दोन वर्षांच्या शिंगरालाच पैसे मोजतं. ज्या खेळाडूंना पुढे जायचं आहे, ते युरोपात घोडा घेतात आणि तिथेच शिकतात, कारण रोगांच्या नियमांमुळे भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणं फार अवघड. २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये ड्रेसाजच्या आपल्या संघाने ४१ वर्षांनी अश्वारोहणात सुवर्ण आणलं. त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. ते घोडे मात्र युरोपात घडलेले. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला अश्वरोगमुक्त म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तशी आणखी ठिकाणं झाली, इथला घोडा बाहेर जाऊन परत येऊ लागला, तर आठ वर्षं घोडा सांभाळणं शेतकऱ्याला परवडेल. तोवर माझ्याकडच्या दोन घोड्यांना गिऱ्हाईकं येतात, मी त्यांना ठसे दाखवतो आणि चौथं वर्ष भरल्याशिवाय भाव सांगत नाही.