स्वतःच्या खोलीची किल्ली

नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईला 'आता पुढे काय?' असं सगळेच विचारतात. 'आज रात्री कुठे राहणार?' हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. महेश भट यांच्या १९८२ सालच्या 'अर्थ' या हिंदी चित्रपटात या प्रश्नाला जागा आहे, म्हणूनच तो मला जवळचा वाटतो.

त्यातली पूजा अनाथ असते. स्वतःचं घर हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. नवरा इंदर तिच्या हातात नव्या फ्लॅटच्या किल्ल्या ठेवतो. पुढे तिला कळतं की त्या घरामागे पैसा आहे त्याच्या प्रेयसीचा, कविता या अभिनेत्रीचा. पूजा ते घर सोडते आणि बायकांच्या वसतिगृहात राहायला जाते. नोकरी शोधते. शबाना आझमी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपटाच्या शेवटी पश्चात्ताप झालेला इंदर परत येतो आणि पूजा त्याला नाकारते. लोक याच प्रसंगाबद्दल बोलतात. पण हा नकार देण्याची ताकद तिच्यात आली कुठून? मला वाटतं, वसतिगृहातल्या त्या खाटेवरून.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तेव्हा माझे पती दुसऱ्या स्त्रीकडे राहायला गेले. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी बडोद्याला भावाकडे आले. भाऊ म्हणाला, ''ताई, हे घर तुझंच आहे.'' वहिनीनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. तरीही मुलीने दुसऱ्यांदा दूध मागितलं की माझा जीव कानकोंडा व्हायचा.

सहा महिन्यांनी मला एका कापड दुकानात हिशेब लिहिण्याचं काम मिळालं. दोन पगार हातात आल्यावर मी एक खोली भाड्याने घेतली. आई रागावली. ''भावाचं घर असताना वेगळं बिऱ्हाड? लोक काय म्हणतील?'' त्या खोलीत एक स्टोव्ह, दोन पातेली आणि एक सतरंजी एवढंच होतं. पण त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

दोन वर्षांनी पती आले. झालं गेलं विसरून जा, म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि शांतपणे 'नाही' म्हटलं. भावाच्या घरी असते, तर कदाचित सगळ्यांच्या सोयीसाठी 'हो' म्हटलं असतं.

आज कायदा बाईच्या बाजूने थोडा अधिक उभा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. पोटगीही मागता येते. पण निकाल लागेपर्यंत डोक्यावर छप्पर लागतंच.

अशी एखादी मुलगी, बहीण किंवा मैत्रीण आपल्या दारात आली, तर 'परत जा' किंवा 'सोडून दे' असं लगेच सांगू नका. निर्णय तिला घेऊ द्या. आपण तिला काम शोधायला मदत करावी, तिच्या मुलांना दुपारी सांभाळावं, खोलीच्या अनामत रकमेला हातभार लावावा. पुढचं तिचं ती ठरवेल.