मिनू मेडिकलला येते आहे

नागपूर, रविवार

प्रिय वहिनी,


मिनूचं नाव इथल्या मेडिकलच्या यादीत लागल्याचं दादाने कळवलं. फार आनंद झाला. तुम्ही विचारलंत, पोरं तिथे राहतात कशी? खरं तेच लिहितो.

१९४७ साली सुरू झालेल्या या शासकीय महाविद्यालयात दरवर्षी अडीचशे मुलं येतात आणि बहुतेक सगळी आपापल्या शाळेत पहिली आलेली असतात. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र असतं. देहदान केलेल्या माणसापुढे आदर राखण्याची शपथ घेऊन मुलं विच्छेदनाला उभी राहतात. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, वास जेवतानाही हाताला येत राहतो. मग चौरसियांच्या शरीररचनेच्या पुस्तकाचे जाड खंड, टेबलाभोवतीच्या तोंडी परीक्षा, आणि कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदाच पन्नासच्या खाली पडलेले गुण. ते घरी सांगायचे कसे, या विचाराने मुलं फोन टाळतात. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत सुटलीच पाहिजे, असा २०२३ चा नियमही डोक्यावर असतो.

हे हलक्यात घेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली. सुमारे २८ टक्के मुलांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, आणि दर सहांतल्या एकाच्या मनात वर्षभरात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. हुशार पोरगं आपलं आपण निभावून नेईल, हा आपल्या घरांमधला समज मला घातक वाटतो.

दुसऱ्या वर्षापासून वॉर्ड सुरू होतो, आणि तिथे मुलं खरी बदलतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पलीकडे बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगड, कुठकुठले रुग्ण इथे येतात. कुणी वऱ्हाडी बोलतं, कुणी झाडीबोली, कुणी गोंडी. मिनूसारख्या सांगलीच्या मुलीला आधी कान तयार करावा लागेल. सांधे ठणकतात म्हणून आलेल्या पोराची हिस्टरी घेताना भावंडांचं, आईबापाचं विचारायचं, कारण पूर्व विदर्भात सिकलसेल घराघरांतून चालत आलेला असतो. पुस्तकात तो आजार काही पानांत संपतो. वॉर्डात त्या पोराची आई मजुरी बुडवून खाटेजवळ बसलेली असते. तिच्याशी नीट बोलता येणं हाही अभ्यासच, आणि त्याचे गुण कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाहीत. आता तर गावातली काही कुटुंबं प्रत्येक विद्यार्थ्याकडे सोपवतात. तिथे जाऊन त्यांच्या तब्येतीची विचारपूस ठेवायची असते.

साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप. रक्त काढणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग, कॅज्युअल्टीतल्या रात्री. पुढे शासकीय महाविद्यालयातून शिकल्याबद्दल एक वर्षाची बंधपत्रित सेवा. त्यातच पदव्युत्तर प्रवेशाची तयारी. तेव्हा ‘डॉक्टर झाली, आता कमावेल’ हा हिशेब नातेवाइकांना इतक्यात मांडू देऊ नका.

महाराष्ट्र एक्सप्रेसचं आरक्षण लवकर करा. सुती कपडे भरपूर द्या, इथला मे महिना तिने पाहिलेला नाही. फोन रात्री जेवणानंतर करा. गुण तिने आपणहून सांगितले तरच ऐका. परीक्षेच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायची दादाची सवय यंदापासून बंद झाली तर बरं होईल. तुम्हीच बोला त्याच्याशी, माझं तो ऐकायचा नाही.

तुमचा,
सुधीर