विरजण

आमच्या घरांतलें विरजण गेल्या फाल्गुनांत मेलें, आणि तें माझ्या हातून मेलें. 'मेलें' हा शब्द वाचकांना अंमळ जड वाटेल. दहीं आंबतें, नासतें, फार तर बुरसतें. तें मरतें असें कोणी म्हणत नाहीं. पण पंचवीसांहून अधिक वर्षें रोज रात्रीं निजून रोज सकाळीं जागी होणारी वस्तु जेव्हां एके दिवशीं उठतच नाहीं, तेव्हां मला तरी दुसरा शब्द सुचत नाहीं.

हें विरजण १९९६ सालीं वाईहून आलें. वडील गेल्यावर आईनें तेथल्या घराला कुलूप लावलें आणि ती माझ्याकडे पुण्यास राहावयास आली. बरोबर दोन ट्रंका, देवांचा डबा, आणि मांडीवर फडक्यांत गुंडाळलेली चिनी मातीची एक लहानशी बरणी. "पुण्यांत काय दहीं मिळत नाहीं?" मीं हंसत विचारलें. "मिळतें कीं," ती म्हणाली, "पण तें आपलें नव्हे." इंग्रजीचा तरुण प्राध्यापक होतों मी तेव्हां, हें वाक्य मला भाबडें वाटलें. याच विरजणाचा एक चमचा त्यापूर्वींच थोरल्या भावाच्या बिऱ्हाडीं साताऱ्यास गेला होता, एवढें येथें सांगून ठेवतों.

आईची रीत साधी होती, पण तींत सूट नव्हती. म्हशीचें दूध मंद आंचेवर चांगलें तापवावयाचें, मग निवूं द्यावयाचें. करंगळी दुधांत बुडवून सावकाश दहापर्यंत आंकडे मोजतां आले, कीं तें विरजणाजोगें झालें. विरजण भांड्याच्या अंगाला आंतून फिरवून घ्यावयाचें, वरून दूध ओतावयाचें, आणि मग तें भांडें सकाळपर्यंत हालवावयाचें नाहीं. थंडींत तें तांदुळाच्या डब्यांत, जुन्या घोंगडीच्या तुकड्यांत निजत असे. पण या साऱ्यापूर्वीं एक गोष्ट ती न चुकतां करी: उद्यांचें विरजण आधीं वेगळें काढून ठेवी. पाहुणे दहा येवोत कीं वीस, त्या वाटीला हात लागत नसे.

चक्का बांधण्याचा दिवस म्हणजे पाडवा किंवा दसरा यांच्या आदला. पंचा प्रथम ओला करून पिळावयाचा, म्हणजे दहीं त्याला धरून बसत नाहीं. चारी टोंकांची गांठ मारून तो खुंटीला टांगावयाचा आणि खालीं पातेलें ठेवावयाचें. पहिला घटकाभर धार लागते, मग थेंब, आणि मध्यरात्रीनंतर दोन थेंबांमधलें अंतर इतकें वाढतें कीं झोंप न येणाऱ्या माणसानें पुढच्या थेंबाची वाट पाहत राहावें. खालची हिरवट पिवळी निवळी आई फेंकीत नसे; सकाळची कणीक तींतच भिजे. चक्का पिळूं नये हा तिचा दंडक होता. मीं एकदां घाईनें गांठोडें ताटांत ठेवून वर इंग्रजी शब्दकोशाचा जाडजूड खंड दडपला. दहीं पंचाच्या विणींतून बाहेर आलें. त्या कोशाच्या पुठ्ठ्यावरचा डाग अद्याप आहे. "त्याला आपल्याच भारानें पाणी सोडूं द्यावें," एवढेंच ती म्हणाली. एक लिटर दुधाच्या दह्याचा चारशें ग्रॅमांच्या आसपास चक्का उतरतो. मग त्यांत साखर घालून पुरणयंत्रांतून काढणें हें मुलांचें काम. जुने संस्कृत ग्रंथ याला रसाला किंवा शिखरिणी म्हणतात. शिखरिणी हें सतरा अक्षरांचें वृत्तही आहे. तें मला कधींच साधलें नाहीं, श्रीखंड साधलें.

या साऱ्यामागचें शास्त्र आज शाळेंतलीं मुलेंही सांगतात. १९०५ सालीं स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानें जिनीव्हा येथें आपल्या देशच्या दह्यांतला जंतु शोधून काढला. पॅरिसमधल्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉफ यांनी तर अशा दह्याचा संबंध दीर्घायुष्याशीं जोडला. ते स्वतः १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारले. तेव्हां या सिद्धान्तावर फार भिस्त ठेवूं नये हें बरें. जंतु दुधांतल्या साखरेचें आम्ल करतात, आम्लानें दुधांतलें केसीन गोठतें, आणि गोठलेल्या जाळ्यांत पाणी अडकून राहतें. पंचा तेंच पाणी मोकळें करतो. दूध चाळीस अंशांच्या आसपास कोमट असावें. साठांच्या पुढें हे जंतु तग धरीत नाहींत. आईच्या करंगळीला हे आंकडे ठाऊक नव्हते, पण ती चुकत नसे.

आई २०१४ सालीं गेली. विरजण माझ्या पत्नीनें पुढें चालविलें. गेल्या हिंवाळ्यांत ती मुलीच्या बाळंतपणासाठीं लंडनला गेली. जातांना दोन पानी सूचना लिहून स्वयंपाकघरांत चिकटवून गेली. मुलगी तेथें 'ग्रीक' म्हणून मिळणारें घट्ट दहीं आणून त्याचेंच श्रीखंड करते. 'योगर्ट' हा शब्द मूळचा तुर्की, आणि गाळलेल्या दह्याला तुर्क 'स्यूझमे' म्हणतात, हें मी तिला फोनवरून समजावून सांगत असे. दोन महिने मी इमानानें विरजण लावलें आणि, खरें सांगावयाचें तर, थोडा गर्वही वाहिला. पाडव्याला कांहीं तरुण सहकाऱ्यांना श्रीखंडास बोलावून बसलों. चार लिटर दूध आणलें. दहीं पुष्कळ हवें म्हणून होतें नव्हतें तें सारें विरजण घेतलें, वाटी वेगळी काढली नाहीं. तितक्यांत एका विद्यार्थ्याचा प्रबंधासंबंधीं फोन आला, आणि बोलतां बोलतां मीं तें सगळें वाफाळत्या दुधांत ओतलें. करंगळी बुडविली नाहीं. सकाळीं झांकण काढलें तों दूध तसेंच दूध होतें.

बाजारांतून दहीं आणून लावलें. त्याला तार आली. दुसऱ्या दुकानांतलें लावलें. तें चांगलें लागलें. कोणालाही कळलें नसतें. आमच्या कॉलेजांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांनीं तर माझें समाधानही केलें: "घरचें विरजण दुधागणिक, ऋतूगणिक बदलत असतें. तुमच्या मातोश्रींच्या वाटींतले जंतु कदाचित् केव्हांच गेले असतील." तें पटण्यासारखें होतें. तरी मला साताऱ्याची आठवण होऊं लागली.

दादाकडे मी सात वर्षें गेलों नव्हतों. भांडण झालें नव्हतें. झालें असतें तर बरें, भांडण मिटवितां येतें. वाईचें घर विकलें तेव्हां दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब मीं दादाकडे लेखी मागितला. इतकी वर्षें ते घर त्यानें एकट्यानें शाकारलें, संभाळलें होतें. आठ दिवसांनीं हिशेब आला. त्याच्या वळणदार अक्षरांत, कौलांपासून कडीकोयंड्यापर्यंत, प्रत्येक पावतीसह. बरोबर चिठ्ठी नव्हती.

रविवारीं दुपारीं मी साताऱ्यास पोहोंचलों. वहिनींनीं दार उघडलें, पाणी दिलें, चहा केला. दादा आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत होता. त्यानें घडी करून तें बाजूस ठेवलें. उन्हाळा, रस्ता, नातवाचें नांव काय ठेवलें, सगळें बोलून झालें. पांच वाजले, सहा वाजले. कामाचा शब्द कांहीं माझ्या तोंडून फुटेना. वहिनी देवापाशीं दिवा लावून आल्या तेव्हां मी एकदम म्हणालों, "वहिनी, मला थोडें विरजण हवें होतें. आमचें गेलें."

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "दिवेलागणीला विरजण देत नाहींत, भाऊजी. आतां सकाळीं न्या."

म्हणजे राहणें आलें. जेवणें झाल्यावर मी पाहिलें तों दूध तापवीत दादाच उभा होता. वहिनींचे गुडघे दुखतात, तेव्हांपासून हें काम त्याचें. त्यानें करंगळी दुधांत घातली आणि ओंठ हलवीत आंकडे मोजले. मग मला म्हणाला, "तूं बघ." मींही करंगळी घातली. त्यांच्याकडेही पाडव्याचा चक्का त्याच रात्रीं बांधावयाचा होता. त्यानें पंचा धरला, मी दहीं ओतलें, गांठ त्यानें मारली. घट्ट करूं लागला तसा मी म्हणालों, "पिळूं नकोस." तो म्हणाला, "माहीत आहे."

रात्रीं मला माजघरांत अंथरूण घातलें होतें. थेंब पडत होते. बऱ्याच वेळानें अंधारांतून दादाचा आवाज आला, "कौलांचा हिशेब मीं तेव्हां रागानें पाठवला."

"मी मागायला नको होता," मी म्हणालों.

पुढचा थेंब पडला. त्यानंतर आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं, आणि केव्हां तरी झोंप लागली.

सकाळीं वहिनींनीं झांकणाच्या डब्यांत विरजण घातलें आणि डबा फडक्यांत बांधून दिला. खंबाटकीचा घाट संपेपर्यंत तो मांडीवरच होता. त्या रात्रीं लावलेलें दहीं सकाळीं सुरीनें कापावें असें लागलें, आणि पाडव्याला श्रीखंड झालें. लंडनला मीं सगळें कळविलें, विरजण मेल्याचेंही.

निघतांना दादा फाटकापर्यंत आला होता. "डबा परत आणून दे," तो म्हणाला. डबा घासून पुसून फडताळांत ठेवला आहे. रिकामा नेतां येत नाहीं, आणि त्यांत काय घालून न्यावें हें अजून ठरत नाहीं.