पर्वतीच्या पायऱ्या आणि मुरगळलेला घोटा

पुण्याच्या पर्वतीवर सकाळी फिरायला जाणे हा अनेक घरांचा पिढ्यानपिढ्यांचा नेम आहे. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिरापर्यंत १०३ दगडी पायऱ्या जातात. काठी टेकत चढणारे आजोबा आणि त्यांच्या मागोमाग सावकाश येणारी सून हे येथले नेहमीचे दृश्य. घोटा मुरगळून घरी बसलेल्या ज्येष्ठाला हीच वाट सर्वाधिक खुणावते. दुखणे थांबले, आता जावे का?

वाचकहो, दुखणे थांबणे आणि घोटा बरा होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. लचक भरते तेव्हा बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. पाऊल कसे पडले आहे याची मेंदूला मिळणारी जाणीवही त्यामुळे मंदावते. वेदना लवकर शमते. ही जाणीव आणि स्नायूंचे बळ मागाहून परततात. म्हणून पायऱ्यांपूर्वी घरीच मोजमाप करावे.

सूज रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी टेपने मोजावी आणि दुसऱ्या घोट्याशी ताडून पाहावी. भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा. अंगठा भिंतीपासून किती बोटे दूर राहूनही हे जमते, ते दोन्ही पायांचे पाहावे. ओट्याचा आधार हाताशी ठेवून एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, तेही नोंदवावे. या वेळी घरच्या माणसाने शेजारी उभे राहावे. आपला धडधाकट पाय हीच आपली मोजपट्टी. शेजाऱ्यांचा पाय नव्हे.

दोन्ही पायांची मापे जवळ आली आणि सपाटीवर न लंगडता चालता येऊ लागले, की पर्वतीच्या पायथ्याशी जावे. पहिल्या दिवशी दहा पायऱ्या पुरेत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खरी कसोटी उतरताना लागते, कारण तेव्हा घोट्याला अधिक वाकावे लागते. कोठे थांबलात ते लक्षात ठेवा आणि दुसऱ्या सकाळी सूज पाहा. ती वाढली नसेल तर आणखी काही पायऱ्या वाढवा. वाढली असेल तर मागे या. पावसाळ्यात ओल्या दगडांवर हा प्रयोग नको.

मात्र दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर मोजमाप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे आणि एक्स-रेबाबत विचारावे. उतारवयात हाडे ठिसूळ असतात. लचक समजून अंगावर काढलेले दुखणे अस्थिभंगही असू शकते.

सुनेने, मुलाने घाई करू नये आणि अकारण अडवूही नये. वहीतील आकडे दोघांनी मिळून पाहावेत. आज पंचविसाव्या पायरीवरून सुखरूप परतणे हीदेखील त्या आठवड्याची पूर्ण यात्राच आहे.