चाक आणि चाती

आठवड्यातून चार दिवस मी इथल्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला जाते. तासिकेवर. म्हणजे घ्याल तितक्या तासांचे पैसे, आणि सुट्टीत शून्य. घरचं आवरून, कुकर उतरवून धावतपळत गाठायची शाळा, त्यामुळे दर वेळी तयारी झालेली असतेच असं नाही. गेल्या जुलैअखेरीस आठवीच्या वर्गात नेमकी तिथेच पकडली गेले.

पंधरा ऑगस्टसाठी झेंड्याची चित्रं काढायची होती. चोवीस आरे, दोन आऱ्यांमध्ये पंधरा अंश, एवढं फळ्यावर लिहून मी हजेरीत डोकं घातलं. तोच मागच्या बाकावर जुंपली. एक म्हणे, हे विष्णूचं सुदर्शनचक्र, आमच्या देवघरातल्या तसबिरीत अस्संच आहे. दुसरी म्हणे, मुळीच नाही, हे धम्मचक्र. आम्ही दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तिथे हेच असतं. तिसरीने एका पुस्तकातलं जुनं चित्र माझ्यासमोर धरलं.

"बाई, आधी इथे चरखा होता. मग काढला कशाला?"

"आधी चित्र पुरं करा," मी म्हटलं. घंटा झाली आणि मी सुटले.

सुटले कुठली! चरख्याचा विषय आमच्या घरात मी टाळत होते, त्याला पाच वर्षं झाली. माझं सासर वर्ध्याकडचं, कापूस पिकवणाऱ्यांचं. आमच्या आजेसासूबाई आता नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले आणि या भागातल्या शाळाशाळांतून टकळी फिरू लागली, त्या काळातलं त्यांचं बालपण. लग्नात त्यांनी माहेराहून पेटीचरखा आणला होता. उघडला की चरखा, मिटला की लाकडी पेटी. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी ज्याच्यावर खटपट केली, तो हाच. पाच वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हा माळा रिकामा करताना मी एक बिघडलेला पंखा, दोन गळकी पातेली आणि ती पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. सगळ्याचे मिळून साडेतीनशे रुपये आले. कोणाला विचारलं नाही. आजींनीही पेटीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त टोचत राहिलं.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर पुस्तकं घेऊन बसले. बी.ए.ला माझा इतिहासच होता, पण संसारात पडल्यावर सनावळ्या कुठे लक्षात राहतात? १९२१ साली पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्यावर चरखा असावा ही सूचना जालंदरच्या लाला हंसराजांची. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा घेतला, त्यावरही मधोमध चरखाच. मग २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत नेहरूंनी नव्या झेंड्याचा ठराव मांडला, त्यात चरखा नव्हता. कारण मोठं व्यवहारी होतं. चरख्याला एका अंगाला चाक आणि दुसऱ्या अंगाला चाती. चाती म्हणजे ती बारीक सळई, जिच्या टोकाशी सूत निघतं. झेंडा मागून पाहिला की हे चित्र उलटं दिसणार. तेव्हा चाक तेवढं ठेवलं आणि चाती काढून टाकली. रुमालावर भरतकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला हे पटेल. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी तर दुसरं काय करणार?

मग चाक कोणतं घ्यायचं? तर सारनाथचं. बुद्धाने आपल्या पाच सोबत्यांना पहिला उपदेश तिथे केला. त्यालाच धर्मचक्रप्रवर्तन म्हणतात. अशोकाने तिथे स्तंभ उभारला. १९०४-०५च्या उत्खननात त्याचा चार सिंहांचा शिरोभाग मातीतून वर आला. सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि त्यांच्या मधेमधे चाकं आहेत. मला सगळ्यात आवडलं ते सांचीचं. तिथल्या जुन्या शिल्पांत बुद्धाची मूर्तीच नाही. जिथे तो असायचा तिथे कुठे झाड, कुठे पावलं, कुठे नुसतं चाक, आणि माणसं त्या चाकाला हात जोडून उभी. खरं तर चाक आधी राजांचं. ज्याच्या रथाचं चाक कुठे अडत नाही तो चक्रवर्ती. बौद्धांनी राजाचं चाक घेतलं आणि त्यावर धर्माला बसवलं. विष्णूच्या हातातलं चक्र दुष्टांना कापणारं, हे नुसतं पुढे जाणारं. कोणार्कच्या देवळाला तर सूर्याच्या रथाची चोवीस चाकं आहेत. दहाची नवी चॉकलेटी नोट भाजीवाल्याला देण्याआधी एकदा उलटून पाहा, मागे तेच चाक आहे.

म्हणजे माझ्या मागच्या बाकावरच्या तिघींपैकी साफ चुकीची कोणीच नव्हती. झेंडा ठरवणाऱ्या समितीत डॉ. आंबेडकरही होते आणि पुढे १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो दिवस आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणूनच ओळखला जातो. त्या मुलीच्या घरी हे चक्र म्हणजे पुस्तकातला धडा नाही, आजोबांनी स्वतः पाहिलेली गोष्ट असेल.

मात्र गांधीजींना हा बदल रुचला नव्हता. झेंड्यावर चरखा नसेल तर मी त्याला वंदन करणार नाही, असं ऑगस्ट १९४७च्या सुरुवातीला त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला नेहरूंचं कारण पटतं. तरी वाचता वाचता गांधीजींच्या बाजूने मन ओढ घेत होतं, ते का, हे त्या रात्री काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी मेथी निवडत बसल्या होत्या. मीही जुडी ओढून बसले.

"आजी, सत्तेचाळीस साली तुम्ही झेंडा पाहिला होता?"

"पाह्यला ना! शाळेतून रांगेनं नेलं होतं. आम्ही साऱ्या पोरी वरतं चरखा पाहत होतो, तर नुसतं चाक. गुरुजी म्हणे, हा चरखाच हाये, नीट पाहा."

"मग?"

"मंग का! चाकाले कोन इचारते? सूत तं चातीवर निघते."

हातातली काडी तशीच राहिली. दिवसभर फिरणारं, उठून दिसणारं चाक, आणि कोपऱ्यातली ती बारीक सळई. आजींना यात काही मोठं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं, त्या आपल्या मेथी निवडत होत्या. मग मी एकदाचं सांगून टाकलं. "आजी, तुमची पेटी मी भंगारात दिली."

"मले माहीत हाये. त्याच दिवशी माहीत झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलं असतं तं दे म्हटलं असतं मी. आता माह्या हातानं कुठं होते कातनं?" त्यांनी मातीची मुळं बाजूला सारली. "इचारलं नाई तू."

यावर मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्यांनीच खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढायला सांगितला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेली चाती होती. सरळ, काळपट, टोकाला अजून अणकुचीदार. चाती वाकली की चरखा बाद, म्हणून पेटीत न ठेवता त्या ती नेहमी वेगळी ठेवत. २०२२ साली ह्यांनी गच्चीवर लावायला चकचकीत झेंडा आणला, तेव्हा आजींनी त्याचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं होतं आणि परत दिलं होतं, ते मला आता आठवलं. झेंडा हातकताईच्या कापडाचाच हवा, हा नियम ३० डिसेंबर २०२१ला बदलला आणि यंत्रावरचं, पॉलिएस्टरचंही चालू लागलं. हुबळीला आणि आपल्या नांदेडला खादीचे झेंडे होतात. हुबळीच्या त्या कामावर बहुतेक बायकाच आहेत. स्वस्त झेंडा घरोघर गेला हे चांगलंच झालं. मीही तोच आणते. पण चित्रातली चाती १९४७ला गेली आणि कापडातली आता, एवढं मात्र त्या डब्यापाशी बसल्यावर लक्षात आलं.

पुढच्या तासाला मी चाती वर्गात नेली. सारनाथ, सांची, नागपूर, सगळं नीट सांगितलं. तिघी मनापासून ऐकत होत्या, मधूनच एकमेकींना कोपराने ढोसत. मग चाती हातोहात फिरली. एकीने टोक बोटाला लावून "आई गं" केलं. चरख्याचं चित्र दाखवणारी ती मुलगी मात्र बराच वेळ ती निरखत राहिली.

"बाई, ही फिरवायची कशाने? हिचं चाक कुठाय?"

मी खरं ते सांगितलं. साडेतीनशे रुपये, तेही सांगितलं.